शिलाक्षीचा पहारा अजून बाकी आहे

प्रिय अक्का,

सोमवारी कॉम्प्युटर बाहेर काउंटरवर जाणार. ह्यांनी काल जेवताना सांगून टाकलं. यापुढे भांड्यांची बिलं त्याच्यावर करायची आणि इंटरनेट काढून टाकायचं. "आता कोण बघतंय ते?" म्हणाले. म्हणजे तुम्ही होतात तोवर तुम्ही बघत होतात, आणि आता तुम्ही नाही म्हटल्यावर कुणीच नाही. मी समोर उभी राहून त्यांना ताक वाढत होते. मी दिसलेच नाही त्यांना.

म्हणून आज लिहायला बसले. दुपार आहे. शटर अर्धं खाली ओढलंय, आप्पा वर जाऊन आडवे झालेत, हे गडमुडशिंगीला लग्नाच्या भांड्यांची ऑर्डर पोचवायला गेलेत. मी पडद्याच्या आत, तुमच्या खुर्चीवर. दुकान उघडेपर्यंत इकडे कुणी येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हे पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मला माहीत नाही. पण मला दुसरीकडे एक पत्र पाठवायचंय, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय ते माझ्या हातून होत नाहीये.

अक्का, इंटरनेटवरच्या तुमच्या वाचनगटाला अजून माहीत नाही, तुम्ही गेलात ते.

मी रोज उघडून बघते. सगळे थांबलेत. पहारा तुमचा, पुस्तकाचं पुढचं प्रकरण तुमचं, आणि नियमच असा केलाय तुम्ही लोकांनी, की ज्याचा पहारा त्यानंच प्रकरण उघडायचं. तोवर बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. "शिलाक्षीताई, सावकाश होऊ दे" असं काजव्यानं लिहिलंय. बुरुजकाकांनी लिहिलंय, "पायरीवर बसून चहा घेतोय, घाई नाही." कुणीतरी विचारलंय, तब्येत बरी आहे ना? त्यावर दुसऱ्यानं लिहिलंय, लग्नसराई आहे, दुकानात गर्दी असेल. किती समजूतदार माणसं आहेत! 

मला या घरातला पहिला आठवडा आठवतो. माळ्यावरच्या कळश्या खाली काढायला मला चढवलं होतं, आणि कळश्यांच्या मागे वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक सापडलं. धूम्रगिरीचा दुसरा भाग! नेसरीच्या आमच्या शाळेत पहिला आणि तिसरा होता, दुसरा कुणीतरी ढापलेला. राजपुत्र पहिल्या भागाच्या शेवटी धुरात हरवतो आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला त्याचा एक हात नसतो. मधे काय झालं ते मी शाळेत असल्यापासून मनानंच रचत आले होते. मी शिडीवर उभ्या उभ्या वाचायला लागले, आणि खालून तुमचा आवाज आला.

"खाली ये आन् हात धुवून घे. मग उघड."

नव्या नवरीला नणंदेनं बोललेलं पहिलं वाक्य हे. मला वाटलं, झालं, आता ही बाई माझा पिच्छा पुरवणार. तर तुम्ही पाचही भाग आणून माझ्या पुढ्यात ठेवलेत. कॉलेजात असताना, लग्नाच्या आधी, एकेक करून घेतलेले. सासरी जाताना बरोबर नेले होते, आणि परत येताना तेवढेच घेऊन आलात म्हणे. ते मला तुम्ही नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं.

तुम्ही गोकाकहून माघारी का आलात, ते या घरात मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. एवढंच कळलं, की नवऱ्याचं दुसरं घर होतं आणि तुम्ही तिथं राहायला नकार दिलात. आल्यावर पहिल्यांदा म्हणे तुम्ही बाजारात जायचात, ग्रंथालयात जायचात. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "मग, परत कधी जाणार?" मग तुम्ही कोपऱ्यापर्यंतच जायला लागलात. मग दारापर्यंत. मी आले तेव्हा तुमची सगळी हद्द म्हणजे वरच्या दोन खोल्या, जिना आणि दुकानामागची ही पडद्याआडची जागा.

कुणी तुम्हाला बांधून ठेवलं नव्हतं. खरंच नव्हतं. या घरात 'नाही' असं कुणी म्हणतच नाही. 'कशाला?' म्हणतात. मी बी.एड. करू का, असं विचारलं तेव्हा आप्पा रागावले नाहीत, प्रेमानं म्हणाले, "कशाला गं? काय कमी हाय हितं?" तुम्ही ग्रंथालयाचं नाव काढलं की हे म्हणायचे, "कशाला अक्का? पुस्तक पायजे तर मी आणतो की." आणि आणायचे नाहीत. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. 'कशाला?'शी कसं भांडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्हाला काम मात्र दिलं होतं. भांड्यांवर नावं घालायचं. आहेराच्या ताटांवर, तांब्यांवर, डब्यांवर, 'मामांकडून', 'काकांकडून', 'सर्व मित्रमंडळींकडून'. आप्पा बाहेरून भांडं आणि चिठ्ठी आत सारायचे, तुमचं मशीन टर्रर्र वाजायचं आणि भांडं परत बाहेर जायचं. राजारामपुरीतली अर्धी लग्नं तुमच्या अक्षरात झालीत, आणि त्यातल्या एकाही लग्नाला तुम्ही जेवायला गेला नाहीत.

मग हिशेबासाठी कॉम्प्युटर आला. ह्यांना त्याचा महिन्याभरात कंटाळा आला आणि तो तुमच्या टेबलावर येऊन पडला. तुम्हीच शोधून काढलात तो गट. धूम्रगिरी पुन्हा पहिल्यापासून वाचणाऱ्यांचा, दर आठवड्याला एक प्रकरण. पुण्याचे, बेळगावचे, अमेरिकेतले, एक तर बोटीवर नोकरी करणारा. खरी नावं कुणी सांगायची नाहीत, प्रत्येकानं पुस्तकातलंच काहीतरी नाव घ्यायचं. सगळ्यांनी राजपुत्र, मांत्रिक, घोडे वाटून घेतले होते. एकानं बुरुज घेतला, एकीनं किल्ल्यातला काजवा. तुम्ही शिलाक्षी घेतलीत. सबंध पाच भागांत जिला मोजकीच वाक्यं आहेत, ती तळच्या दरवाजाची राखणदारीण.

मी म्हटलं, "अक्का, राणी घ्यायची की!"

"राणीला काय काम असतंय?" म्हणालात.

तिथं तुम्ही वेगळ्याच व्हायचात. घरात आपल्या कोल्हापुरी बायका बोलतात तसं "मी जातो, मी करतो" बोलणाऱ्या तुम्ही तिथं "मला वाटते, मी म्हणते" असं छान पुस्तकी लिहायचात. कुणी उगाच मोठेपणा केला, की दोन ओळींत त्याची हवा काढायचात. वाद चिघळला, की कुणीतरी लिहायचंच, "शिलाक्षीताई काय म्हणतात ते बघू या." मी मागं स्टुलावर बसून वाचायची आणि हसायची. आणि एवढ्यात वरून आवाज यायचा, "अगं ए, च्या टाक." मग शिलाक्षीताई उठून चहा टाकायच्या.

मला पण नाव घ्यायला सांगायचात. "एखादं घे की गं. किती दिवस मुक्यानं वाचतीस?" मी काय म्हणायची आठवतं? "कशाला?" म्हणायची! चार वर्षांत मी या घरची झाले ती अशी.

शेवटून दुसरं प्रकरण तुम्ही अगदी सुरुवातीलाच मागून ठेवलं होतं. सगळ्यांनी आनंदानं दिलं, दुसऱ्या कुणाचं धाडसच नव्हतं. धूर किल्ल्यात शिरतो, अडकलेली सगळी माणसं तळच्या दरवाजातून बाहेर पडतात, राजपुत्र निघतो, म्हातारी राणी निघते, शेवटी घोडे जातात, आणि शिलाक्षी आत राहून दाराची कडी लावते. वाचताना शाळेत मी रडले होते. गटातले सगळेच रडले होते. तिचा त्याग, तिचं कर्तव्य, केवढं लिहिलं होतं लोकांनी पूर्वीच्या फेरीत.

आणि त्या दिवशी इथं मशीन पुसता पुसता तुम्ही मला म्हणालात, "त्याग कसला डोंबलाचा? कडी आतनं हुती. सगळी गेल्यावर दार लावायचं कुणासाठी?"

मी भांडले तुमच्याशी. म्हटलं, धूर बाहेर जाऊ नये म्हणून. तर म्हणालात, "धूर काय दाराला इचारून जातोय व्हय? तिला भ्या वाटलं. जन्मभर दुसऱ्यास्नी वाट दिली, सोता कधी गेली न्हाय. मग ऐनवेळी पाय उचलला न्हाय तिचा. एवढंच हाय ते. आन् लोकं तिला हार घालाय लागल्यात."

"हे लिहिणार तुम्ही?"

"लिहिणार की. माझा पहारा हाय."

मला ते पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, खरं सांगते. पण ते तुम्ही लिहायला हवं होतं. बुरुजकाका किती चिडले असते! आठवडाभर मजा आली असती. तेवढं लिहून गेला असतात तर काय बिघडलं असतं?

आता ती गोष्ट. ती लिहावी की नाही ते कळत नाही, पण तुम्हाला नाही तर कुणाला लिहू?

मी तेव्हा नेसरीला गेले होते, भावाच्या साखरपुड्याला. परत आले आणि दुपारी सवयीनं गट उघडला. तर काजवा आणि बुरुजकाका कोल्हापूरला येऊन गेलेले! तुम्हाला चकित करायला. तुम्ही कधीतरी लिहून गेला होतात, राजारामपुरी, भांड्यांचं दुकान. तेवढ्यावर ती पुण्याची पोरगी आणि तो बेळगावचा म्हातारा गल्लीगल्लीतून भांड्यांची दुकानं हुडकत फिरली होती. प्रत्येक दुकानात विचारायची, "इथं शिलाक्षी राहतात का?" कोण सांगणार? काहींनी चेष्टा केली. एकानं म्हणे त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं.

आणि एका दुकानात, काजव्यानं लिहिलं होतं, एक धोतरवाले आजोबा फार सज्जन होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, असलं नाव या गल्लीत आम्ही कधी ऐकलं नाही. दोघं दमली होती. शिलाक्षीताई भेटल्याच तर रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यांनी तिथंच एक पितळी तांब्या घेतला आणि त्यावर नाव घालून मागितलं. शिलाक्षी. खाली फोटो लावला होता तांब्याचा. "अक्षर बघा केवढं सुरेख! आतल्या बाजूला कोण कारागीर बसतो देवाला ठाऊक. भेट झाली की देऊ."

अक्षर मी ओळखलं, अक्का. 'श'ची ती गाठ दुसऱ्या कुणाची?

त्याखाली तुमचं उत्तर होतं. "आम्ही त्या दिवशी गावाला गेलो होतो. फार हळहळ वाटली. अक्षर खरंच चांगले आले आहे." गावाला! तुम्ही!

तुम्ही शेंगा फोडत बसला होतात. मी शेजारी बसले आणि विचारलं, तुम्हाला कळलं होतं? तुम्ही वर न बघता सांगितलंत, "कळलं की. पयल्यांदा आवाज आला तवाच मशीन बंद केलं. हितंच बसलोतो. मग आप्पांनी तांब्या आत सारला, म्हणले, गिरिजा, ह्याच्यावर शिलाक्षी घाल. घातलं."

"आणि?"

"आन् काय? दिला भाईर."

"अहो, मग उठून जायचं की बाहेर! पडदाच तर होता मधे!"

तेव्हा तुम्ही हातातली शेंग खाली ठेवलीत. "त्यास्नी शिलाक्षी पायजे हुती. मी गेलो असतो तर आप्पांची माघारी आल्याली पोरगी दिसली असती. एवढ्या लांबनं आलती माणसं. त्यांना ती कशाला दाखवायची?"

मला तुमचा फार राग आला. अजून आहे. हे वाचत असाल तर कळू दे तुम्हाला. इतकी हुशार बाई, सगळ्या जगाची हवा काढणारी, आणि स्वतःबद्दल गल्लीतल्या लोकांचं ऐकून बसली! त्या म्हाताऱ्यानं तुमच्यासाठी बेळगावहून एसटीनं यायचं आणि तुम्ही तीन हातांवर बसून स्वतःच्या नावाला लकाकी देऊन ते परत पाठवायचं? तुमच्याऐवजी मी असते तर बाहेर गेले असते, असं मी तुम्हाला ताडकन म्हणाले. तुम्ही नुसत्या हसलात. "तू गेली असतीस? मग जा की," म्हणालात, "आडवलंय कुणी?"

त्यानंतर जेमतेम पावसाळा गेला. सकाळी जिन्यात तुमच्या छातीत कळ आली. दवाखाना दोन गल्ल्यांवर, तरी रिक्षातच सगळं संपलं. रिक्षा गल्लीच्या कोपऱ्यावरून वळली तेव्हा माझ्या मनात आलं, किती वर्षांनी अक्का इथून पलीकडे चालल्यात. असं कसं मनात आलं माझ्या त्या वेळी?

आराधनेच्या दिवशी तुमच्या उत्तरकार्याच्या जेवणाला माणसं आली होती. आप्पा सगळ्यांना एकच सांगत होते, "लई गुणाची पोर. घरात असून नसल्यागत हुती. कधी कुणाला तरास न्हाय." माना हलत होत्या. मी पंगतीत सार वाढत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की अहो ती होती! तुम्हाला कुणाला ठाऊक नाही, पण ती केवढी तरी होती! ओरडले नाही. सार वाढत पुढं गेले.

आज सकाळी मात्र बोलले. इंटरनेट राहू दे म्हणून आप्पांना विचारायला गेले होते. ते काउंटर पुसत होते. म्हणाले, "ते तुझ्या नवऱ्याला इचार. पण कशाला गं? ती तर गेली." आणि ते ऐकून माझ्या तोंडून निघूनच गेलं, की आप्पा, मध्ये एक मुलगी आणि एक म्हातारे गृहस्थ आले होते आठवतं, तांब्यावर नाव घालून नेलं? ते आपल्या अक्कांना भेटायला आले होते. तेच नाव अक्कांचं, त्या लोकांत. मग मी सगळं सांगितलं. गट, पहारा, ताई म्हणून मानणारी माणसं.

आप्पांचं फडकं थांबलं.  मग म्हणाले, "ते नाव तिनंच घातलं की. मीच दिला तांब्या." मी मान हलवली. "आन् बोलली न्हाय मला?" फडक्याची घडी घातली. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "लांबनं आलती का?"

"बेळगावहून. आणि पुण्याहून."

"च्या पण पाजला न्हाय मी त्यास्नी," म्हणाले.

अक्का, मला वाटलं होतं मी त्यांच्यावर रागावेन. नाही रागावता आलं. ते वर गेले आणि दुपारी जेवले नाहीत. जाताना जिन्यात थांबून मला विचारलं, "काय नाव म्हणलीस?" मी सांगितलं. त्यांनी ते एकदा पुटपुटून बघितलं. तरीही सोमवारी कॉम्प्युटर बाहेर जाणारच आहे. ह्यांना मी फोनवर विचारलं, त्यांचं उत्तर तुम्हाला मी लिहायला नको.

आता विचारायचं ते विचारते. तुमचं खातं उघडंच आहे. शिलाक्षीच्या नावानं मी एक ओळ टाकू शकते, "काही कारणाने मला थांबावे लागते आहे, पुढचा पहारा दुसऱ्या कुणी घ्यावा." कुणाला काही कळणार नाही. गट पुढं जाईल, पुस्तक संपेल, शिलाक्षीताई गावाला गेल्यात असं म्हणतील. तुम्हाला कदाचित हेच आवडेल. तुम्ही तेव्हा तेच केलंत.

चार दिवस मी ती ओळ लिहिते आणि खोडते. माझ्याच्यानं ती टाकवत नाही. त्या माणसांना रडायचं असेल तर कुणासाठी रडायचं ते कळायला नको? आणि तुमच्यासाठी रडणारं या घराबाहेर दुसरं कोण आहे? तुम्हाला पुन्हा पडद्याआड ढकलायचं, आणि तेही माझ्या हातानं, हे मला जमणार नाही. तुम्ही रागावलात तर रागावा. मी पण रागावलेय, फिट्टंफाट.

म्हणून मी लिहिणार आहे, की शिलाक्षीताईंचं खरं नाव गिरिजा. त्या गेल्या. त्या दिवशी गावाला गेलेल्या नव्हत्या, आतच होत्या, आणि तांब्यावरचं अक्षर त्यांचंच आहे. माहेरी का राहत होत्या, लग्न झालं होतं का, असलं कुणी विचारलं, तर मी उलट विचारेन, "कशाला?" निदान एकदा तरी तो शब्द आपल्या बाजूनं वापरू.

आणि तुमचं प्रकरण मी उघडणार आहे, माझ्या स्वतःच्या नावानं. नियम मोडतोय खरा. बुरुजकाका काय म्हणायचं ते म्हणोत. तुम्ही शिलाक्षीबद्दल जे बोललात ते जसंच्या तसं लिहीन, आणि खाली मला ते का पटत नाही तेही लिहीन. तुम्ही समोर नाही म्हणून मी भांडण सोडणार नाही.

आठवडाभर पहारा द्यायचा तर इंटरनेट लागणार. शिकवणीच्या क्लासच्या इमारतीखाली मुलं बसतात ते सायबर कॅफे आहे. दहा मिनिटांची वाट. या घरात आल्यापासून मी एकटी तिथवर कधी गेलेली नाही. हे लिहितानासुद्धा मी दोनदा पडद्याकडं वळून बघितलं. तुम्हाला ताडकन बोलले होते ना मी, मी असते तर गेले असते म्हणून? किती सोपं वाटलं होतं बोलायला. आज कळतंय, त्या दिवशी तुमचा पाय का उचलला नाही.

तरी तुम्हाला शब्द देते. सोमवारी दुकान उघडल्यावर मी मागच्या बोळातून जाणार नाही. पुढच्या दारानं, काउंटरवरून, आप्पांच्या आणि ह्यांच्या समोरून जाईन. ते विचारतील कुठं, मी सांगेन. मग ते विचारतील, कशाला? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, अक्का, आणि सोमवारपर्यंत सुचेल असंही वाटत नाही. पण ते विचारत असतील तेव्हा मी चप्पल घालत असेन.

तुमची भावजय,
सुवर्णा